पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा: सांगलीतल्या एका शिक्षिकेचं थायलंडच्या वर्क व्हिसाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत पासपोर्ट आणि परदेशी कागदपत्रांची कामं करून देण्याचं माझं ऑफिस आहे. पूर्वी आमच्याकडे आखाताला निघालेले वेल्डर, ड्रायव्हर आणि फिटर यायचे. अलीकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकवणारे तरुण शिक्षकही येऊ लागले आहेत. त्यातलं २०२५ सालचं एक प्रकरण इथं मांडतो, कारण त्यात आपल्या भागातल्या विवाहित शिक्षिकांची नेहमीची अडचण पुरेपूर दिसते.

नाव, गाव, शाळा सांगत नाही. ऑफिसात आम्ही त्यांना ताई म्हणायचो, त्यांच्या यजमानांना दाजी, तेच इथंही. ताईंचं माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर पलूस तालुक्यात कृष्णाकाठचं. वय पस्तिशीच्या आसपास. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात, मग शिवाजी विद्यापीठाची इंग्रजी घेऊन बी.ए. आणि बी.एड. मिरजेच्या एका विनाअनुदानित शाळेत त्या पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवत होत्या. शिकवणं उत्तम. पगार मात्र असा, की घरच्या द्राक्षबागेवरच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ताही त्यातून निघायचा नाही. त्यात लागोपाठचे दोन हंगाम अवकाळी पावसानं नेलेले. मुलगी प्राथमिक शाळेत.

परदेशी शिकवायला जायचं हे त्यांच्या मनात आलं ते जुन्या सहकारी मैत्रिणीमुळे. ती थायलंडमधल्या एका प्रांतात शाळेत लागली होती. तिनं ताईंची माहिती एका खासगी शाळेला दिली, ऑनलाइन मुलाखत झाली आणि फेब्रुवारीत शाळेचं होकाराचं पत्र आलं. थायलंडमध्ये शाळेचं पहिलं सत्र मेच्या मध्याला सुरू होतं. म्हणजे हातात जेमतेम तीन महिने.

थायलंडच का, हा प्रश्न दाजींनी पहिल्याच भेटीत विचारला आणि तो रास्त होता. जपानचा पगार चांगला, पण तिथं शाळेत भाषा शिकवण्यासाठी निवासाचा दर्जा मागताना त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला ते दार तिथंच बंद होतं, शिकवणं कितीही चांगलं असो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारात शिक्षकांसाठी एक अरुंद वाट आहे, पण त्या वाटेनं भरली जाणारी जागा आम्हाला सापडली नाही. आखाताला घरच्यांचा नकार. थायलंडला पदवी लागते, पोलिसांचा दाखला लागतो, आणि इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांना टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुण दाखवावे लागतात. ताईंनी ती परीक्षा दिली आणि ६०० च्या बऱ्याच वर गुण मिळवले. भाषेची बाजू तिथंच संपली.

अडचण कुठं होती

पहिल्या दिवशी टेबलावर सगळे कागद मांडले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट नावाची. दहावीचं प्रमाणपत्र, बी.ए., बी.एड., सगळं माहेरच्या नावावर: पहिलं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि पुढं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड त्याच नावानं झालं. २०१८ मध्ये पासपोर्ट काढला तो या कागदांवर. परिणाम असा, की पदवीवरच्या नावातल्या तीन शब्दांपैकी एकही शब्द पासपोर्टवरच्या ताईंच्या नावात नव्हता. आपल्याकडे कुणाला यात काही वावगं वाटत नाही. बँकॉकमधल्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या बायका दिसणार.

दुसरी गोष्ट पासपोर्टच्या आतल्या शिक्क्याची. पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलंच नव्हतं, कारण त्यावरचं नाव जुळत नव्हतं. शिक्षणाचा पुरावा नाही म्हणून पासपोर्ट ईसीआर प्रकारचा, म्हणजे कामासाठी जाताना सरकारची उत्प्रवास मंजुरी लागणारा निघाला. बी.ए. बी.एड. झालेल्या शिक्षिकेचा पासपोर्ट कागदावर दहावी नापास माणसाचा होता. ही मंजुरी १८ देशांसाठी लागते. त्या यादीत आखाती देश आहेत हे बहुतेकांना माहीत असतं, पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

तिसरी गोष्ट २०१९ च्या महापुराची. घरात पाणी शिरलं, ट्रंकेतले कागद भिजले. वाळवून झाल्यावर दाजींनी हौसेनं नव्हे, काळजीनं सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आणली. कृष्णाकाठच्या कितीतरी घरांनी तेच केलं. पण परदेशासाठी पदवी साक्षांकित करायची तर शिक्का आणि सही मूळ कागदावरच पडावी लागते, प्लॅस्टिकवर पडत नाही. बी.एड.चं लॅमिनेशन एका जाणकारानं उष्णता देऊन सोडवलं. बी.ए.चा कागद आतून पुराच्या पाण्यानं चिकटलेला होता, तो सोडवताना फाटला असता.

समोरचे पर्याय

ताई आमच्याकडे येण्याआधी पुण्याच्या एका एजंटशी बोलून आल्या होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं: भारतीयांना थायलंडमध्ये ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश आहे (ही सवलत जुलै २०२४ पासून होती), तेव्हा एप्रिलअखेर विमानात बसा, शाळेत रुजू व्हा, व्हिसा तिथं बदलून मिळतो. पासपोर्ट आणि पदवीचं नाव जुळत नाही, तर पदवीच्या स्कॅनमध्ये 'दुरुस्ती' करून देतो. फी १,८०,०००.

"तिथं गेल्यावर सगळं करून देतात म्हणे," दाजी म्हणाले. त्यांचा दोष नव्हता. त्यांना सत्र चुकण्याची भीती होती.

एजंटचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त धोक्याचं होतं. व्हिसाशिवाय शिरलेल्या माणसाला थायलंडमध्येच नोकरीसाठीच्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट बी व्हिसासाठी अर्ज करण्याची वाट कायद्यात आहे. पण वर्क परमिट हातात पडेपर्यंत वर्गात उभं राहून शिकवणं हे बेकायदा कामच. पर्यटक म्हणून गेलेल्या ईसीआर पासपोर्टधारकाला विमानतळावर मंजुरी विचारली जात नाही, आणि म्हणूनच तिथं काही बिनसलं तर आपल्या सरकारच्या नोंदीत तो कामगार म्हणून नसतोच. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय वारंवार बजावत आलं आहे, की थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारच्या सीमेवर म्यावड्डीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत नेलं गेलं. ताईंची शाळा खरी होती, मैत्रिणीनं ती डोळ्यांनी पाहिली होती. पण ज्या वाटेनं ती माणसं गेली, तीच वाट एजंट दाखवत होता.

फीचा हिशेबही दाजींसमोर ठेवला. परदेशी नोकरी लावणाऱ्या नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. आम्ही तिघांनी मिळून पाहिली. त्या एजंटचं नाव तिथं नव्हतं. स्कॅनमधल्या 'दुरुस्ती'वर तर चर्चाच नको होती. थाई शाळा आणि तिथली शिक्षक परिषद पदवीची पडताळणी थेट विद्यापीठाकडून मागवू शकते, आणि कोल्हापूरहून उत्तर खऱ्या नावानंच जाणार. मग व्हिसा जाईल तो जाईल, वर बनावट कागदाचा गुन्हा.

एजंट बाजूला पडला. खरा प्रश्न उरला नावाचा, आणि त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला.

पहिला मार्ग: पासपोर्ट माहेरच्या नावावर करून घ्यायचा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही, त्यामुळे हे अशक्य नव्हतं. पदवी आणि पासपोर्ट एकदम जुळले असते, थाई बाजूला एकही प्रश्न आला नसता. पण त्यासाठी आधार, पॅन, बँक, मतदार यादी, सगळं मागं फिरवावं लागणार. आणि त्याहून मोठी गोष्ट ताईंनीच लक्षात आणून दिली. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं आहे. वर्षभरानं मुलीला तिकडं न्यायचं ठरलं तर आई म्हणून कागदावर कोण दाखवायची? पहिल्या मार्गानं तुटलेला धागा सांधला जात नव्हता, तो पदवीवरून उचलून मुलीवर नेऊन ठेवला जात होता.

दुसरा मार्ग: पासपोर्टवरचं सासरचं नाव तसंच ठेवायचं आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं. स्वस्त आणि दोन दिवसांत होणारं. आपल्या तालुक्याच्या ऑफिसात हे चालतं. परदेशी वकिलातीत मात्र असं प्रतिज्ञापत्र म्हणजे माणसानं स्वतःच स्वतःबद्दल दिलेली ग्वाही, त्याला फारसं वजन नसतं.

तिसरा मार्ग: पासपोर्टवरचं नाव तेच, पण जुन्या-नव्या नावांची जोडणी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करायची, विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवायचं, आणि हे दोन्ही कागद पदवीसारखेच वरपर्यंत साक्षांकित करून घ्यायचे. वेळ जास्त, धावपळ जास्त. पण मुलीसकट सगळे कागद एका बाजूला येत होते.

ताईंनी तिसरा निवडला. त्याच वेळी त्यांना उमगलं होतं, की मेचं सत्र आता जवळपास हातचं गेलं. तरी त्यांनी तोच निवडला, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

काय केलं

सुरुवात विवाह प्रमाणपत्रापासून. लग्न ग्रामपंचायतीत नोंदलेलं होतं, पण दाखल्यावर वधूचं फक्त लग्नापूर्वीचं नाव होतं, नवं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे या दाखल्यानं लग्न सिद्ध होत होतं, नाव बदलल्याचं नाही. राजपत्राची गरज त्यामुळे आणखी पक्की झाली.

राजपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तो भरताना आम्ही एक गोष्ट जाणीवपूर्वक केली. सूचना इंग्रजीत दिली, आणि जुन्या नावाचं स्पेलिंग बी.ए.च्या प्रमाणपत्रावरून अक्षर न् अक्षर उतरवलं, नव्याचं पासपोर्टवरून. वडिलांच्या नावात पदवीवर 'डब्ल्यू' होता आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर 'व्ही'. कोणतं धरायचं? पदवीवरचं धरलं, कारण थाई कार्यालय पदवी तपासणार होतं, दहावी नाही.

राजपत्र हातात आल्यावर पासपोर्ट पुन्हा काढायला टाकला. नाव तेच ठेवून दहावीचं प्रमाणपत्र, राजपत्र आणि विवाह दाखला जोडला आणि ईसीआर काढून टाकण्याची विनंती केली. फी १,५०० रुपये. पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयानं एक खुलासा मागितला, तो दिला, आणि ईसीआरचा शिक्का नसलेला नवा पासपोर्ट आला.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, आम्ही मुद्दाम त्यानंतर काढला. एजंटनं तो सर्वांत आधी काढायला सांगितला होता. पण पीसीसीवर पासपोर्टचा क्रमांक असतो, आणि पासपोर्ट पुन्हा निघाला की क्रमांक बदलतो. आधी काढलेला दाखला वाया गेला असता. सप्टेंबर २०२२ पासून पीसीसीचा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही घेतात, त्यामुळे पुण्याची खेप वाचते. फी ५०० रुपये. गावच्या पोलीस ठाण्यातून पडताळणीला फोन आला तेव्हा ताई शाळेत होत्या, दाजींनी जाऊन कागद दाखवले, मग सहीसाठी ताईंना जावं लागलं.

दरम्यान बी.ए.ची दुसरी प्रत कोल्हापूरला विद्यापीठात मागितली होती. पाण्यानं खराब झालेली मूळ प्रत सोबत नेली होती, ती दाखवल्यामुळे कारण पटवावं लागलं नाही. वेळ मात्र लागला. सगळ्या प्रवासात सर्वांत लांबलेलं काम हेच.

पुढं साक्षांकनाची साखळी. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात, म्हणजे सदस्य देशांनी एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मान्य करण्याच्या करारात आहे, त्यामुळे जपान किंवा ओमानसारख्या सदस्य देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा एक अपोस्टिल पुरतो. थायलंड तेव्हा त्या करारात नव्हता. म्हणून आधी राज्य शासनाच्या पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, आणि शेवटी मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाचा शिक्का, अशा तीन पायऱ्या. पदव्यांसोबत राजपत्र आणि विवाह दाखलाही याच तीन पायऱ्यांवरून नेला. दाजींना तो खर्च जास्तीचा वाटत होता. पण दोन नावांना जोडणारा पुरावा नुसता साध्या झेरॉक्सचा असेल तर परदेशी टेबलावर टिकत नाही हे त्यांना पटवलं.

या सगळ्यात पहिल्या शाळेनं जूनमध्ये कळवलं, की थांबता येणार नाही, जागा भरली. ताई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मैत्रिणीनंच मग त्याच प्रांतातल्या दुसऱ्या शाळेशी बोलणं घातलं, तिथं नोव्हेंबरच्या दुसऱ्या सत्रासाठी जागा होती. या वेळी ताईंनी मुलाखतीतच स्वतःहून सांगितलं: माझ्या पदवीवरचं नाव वेगळं आहे, त्याचा शासकीय पुरावा माझ्याकडे साक्षांकित आहे, आणि तुमच्याकडून कामगार खात्याकडे अर्ज गेल्याशिवाय मी निघणार नाही. शाळेच्या कचेरीतल्या बाईंना हे ऐकून उलट बरं वाटलं. त्यांनी वर्क परमिटसाठीचा डब्ल्यूपी-३ हा अर्ज तिथल्या कामगार खात्यात दाखल केला आणि मंजुरीचा कागद, शाळेचा परवाना आणि करार पाठवला.

शेवटी काय झालं

जानेवारी २०२५ पासून थायलंडचा व्हिसा भारतातून ऑनलाइनच मागावा लागतो. सगळे कागद चढवले, एकदा अधिक माहिती विचारली गेली, आणि ती नेमकी नावाबद्दलच होती. दूतावासाच्या शिक्क्याचं राजपत्र अर्जात आधीपासून होतं. त्याकडं बोट दाखवणारं दोन ओळींचं पत्र दिलं आणि ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आला.

ताई ऑक्टोबरअखेर गेल्या. तिथं शाळेनं शिक्षक परिषदेकडून शिकवण्याची तात्पुरती परवानगी घेतली, ती दोन वर्षांची असते. वैद्यकीय दाखला झाला, वर्क परमिट मिळालं आणि मग मुक्काम एक वर्षापर्यंत वाढवून मिळाला. आता दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा एवढं उरलं आहे. पगार पहिल्या थाई शाळेपेक्षा थोडा कमी आहे. गोऱ्या शिक्षकांना त्याच वर्गांसाठी जास्त मिळतो हेही त्यांनी सांगितलं, आणि ते मला खुपतं. तरी बागेचे हप्ते सुरळीत चालले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मेचं सत्र वाचवता आलं असतं का, हे दाजी अजून विचारतात. फेब्रुवारीत सुरू करून नाही. बी.ए.ची दुसरी प्रत आणि राजपत्र या दोन्ही गोष्टी मुलाखतीची वाट न पाहता आधीच करून ठेवता येतात, त्यांना शाळेच्या पत्राची गरज नसते. टोइकची तयारी चालू होती तेव्हाच हे अर्ज गेले असते तर कदाचित जमलं असतं.

पहिल्या शाळेला नावाची अडचण फेब्रुवारीत सांगायला हवी होती का? ताईंना भीती होती की होकार मागं घेतील. दुसऱ्या शाळेचा अनुभव पाहता आधी सांगणंच बरं होतं. निदान त्या शाळेनं नोव्हेंबरचा विचार केला असता.

२०१८ च्या पासपोर्टाबद्दल माझं मत पक्कं आहे. नाव जुळत नाही म्हणून दहावीचं प्रमाणपत्र बाजूला ठेवून पासपोर्ट काढायचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, कारण काम पटकन उरकतं. शिकलेल्या बाईच्या हातात त्यामुळे ईसीआर पासपोर्ट येतो आणि तिला ते वर्षानुवर्षं कळतही नाही. राजपत्र तेव्हाच केलं असतं तर २०२५ मधले निम्मे कागद लागलेच नसते.

पहिला मार्ग, म्हणजे माहेरच्या नावावर पासपोर्ट, हा मूल नसलेल्या किंवा अजून आधार-पॅन न बदललेल्या मुलीसाठी मी आजही आधी सुचवेन. ताईंच्या बाबतीत मुलीमुळे तो मागं पडला. तिच्या पासपोर्टचं काम आता सुरू आहे. त्यावर आईचं नाव सासरचंच लिहिलं आहे, आणि ताईंच्या राजपत्राची एक साक्षांकित प्रत त्या फाइलला आत्तापासून जोडून ठेवली आहे.